एअर पिस्तुलावर पैसा आधी कुठे घालायचा: सुटे भाग की चांगलं पिस्तूल?

"ग्रिप बदलली, साइट बदलली, ट्रिगरची स्प्रिंगही बदलली, तरी स्कोअर हलत नाही." नागपुरात रेंजवर मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांकडून हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. (ग्रिप म्हणजे पिस्तुलाची मूठ, साइट म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा.) खर्चाची पावती बघितली की कळतं, पैसे कमी पडलेले नाहीत, उलट्या क्रमानं गेलेत. मीही भाच्याच्या पिस्तुलावर हेच करून बसलोय, ते पुढे येईलच.

हा लेख फक्त १० मीटरवर वापरायच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाबद्दल आहे. या मापाच्या आणि २० जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. तरी बिल जपून ठेवा आणि मॅचला जाताना त्याची प्रत पिस्तुलाच्या पेटीत असू द्या. दारूगोळ्याच्या पिस्तुलाचे भाग हा परवान्याचा विषय आहे, त्यात हा लेख शिरत नाही.

१. पहिले तीन महिने काहीच विकत घेऊ नका

रेंजचं किंवा क्लबचं पिस्तूल वापरा. ते जुनं असेल, ग्रिप कुणाच्या तरी घामानं काळी पडलेली असेल, चालेल. या तीन महिन्यांत आपल्याला पिस्तूल नको असतं, माहिती हवी असते. एका वहीत चार गोष्टी लिहायला लागा:

पहिली, पंजाचं माप. कोऱ्या कागदावर हात पसरून ठेवा आणि पेन्सिलीनं कड काढा. मूल १२-१३ वर्षांचं असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा काढा, फरक बघून चकित व्हाल. बहुतेक मॅच पिस्तुलांच्या, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलांच्या, ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात आणि वर्षभरात माप बदलू शकतं.

दुसरी, प्रबळ डोळा. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांत छोटी खिडकी करा, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीत दिसत राहतं तो प्रबळ. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण ग्रिप आणि उभं राहणं दोन्ही वेगळं लागेल. ते कोचला आधी सांगा, ग्रिप विकणाऱ्याला नंतर.

तिसरी, किती वेळ हात स्थिर राहतो. मॅच पिस्तूल साधारण एक किलोच्या आसपास असतं. ६० शॉट आणि ७५ मिनिटं हा मॅचचा हिशेब आहे. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा खाली यायला लागला तर तो दोष कुठल्याही दुकानात दुरुस्त होत नाही.

चौथी, आठवड्याला किती दिवस रेंजवर खरंच गेलात. हा रकाना प्रामाणिकपणे भरा. पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

*तपासा:* तीन महिन्यांत ३० पेक्षा कमी वेळा रेंजवर गेला असाल तर इथंच थांबा. आणखी तीन महिने रेंजचंच पिस्तूल.

२. दोष हाताचा की पिस्तुलाचा, ते पिशवीवर ठरवा

हा टप्पा दहातले नऊ जण गाळतात, आणि सगळा पैसा इथंच वाया जातो.

भाच्याचं पिस्तूल देशी बनावटीचं, नवंकोरं होतं. दोन महिन्यांत तो म्हणाला, "मामा, शॉट डावीकडे जाऊन राहिले." मी ग्रिप घेतली. अक्रोडाची, सुंदर. मग म्हणाला, "ट्रिगर हार्ड लागून राहिला." एका दुकानदारानं स्प्रिंग दिली. मग मागची साइट. तिन्ही मिळून पिस्तुलाच्या निम्म्या किमतीला पोचलो, तेव्हा रेंजवरच्या एका वयस्क नेमबाजानं शांतपणे विचारलं, "पेलेट कोणते वापरता?" पेलेट म्हणजे एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या. आम्ही पहिल्या दिवसापासून एकच डबा वापरत होतो. त्यांनी आपल्या पेटीतून दुसऱ्या वजनाचे पेलेट काढून दिले आणि दोन किलो तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली. ग्रुप, म्हणजे कार्डावर शॉट किती पसरतात ते, जवळजवळ निम्म्यावर आला. पाचशे पेलेटचा तो डबा आमच्या ग्रिपच्या स्क्रूएवढ्या किमतीचा असेल. (थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही.)

पद्धत अशी:

अ) टेबलावर तांदळाची किंवा वाळूची घट्ट पिशवी ठेवा. दोन्ही मनगटं पिशवीवर टेकवा. पिस्तुलाचा कुठलाही भाग, विशेषतः नळी किंवा सिलिंडर (दाबून भरलेल्या हवेची टाकी), पिशवीला लागू देऊ नका. टेकला तर शॉट सरकतो आणि चाचणी खोटी ठरते.

आ) तीन किंवा चार प्रकारचे पेलेट घ्या. पिस्तुलासाठी साधारण ७ ग्रेन वजनाचे, सपाट तोंडाचे पेलेट चालतात, पण त्यातही डोक्याचं माप ४.४८ ते ४.५२ मिलिमीटरपर्यंत बदलतं. हा शतांश मिलिमीटरचा फरक नळीला कळतो.

इ) प्रत्येक प्रकारचे आधी पाच शॉट टाकून द्या, ते मोजू नका. मग पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कार्डावर. कार्डाच्या मागे पेलेटचं नाव आणि तारीख लिहा.

ई) सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. हे झालं केंद्र ते केंद्र अंतर.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? कार्डावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. पेलेटची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत गेलं तरी दहा. थोडक्यात, केंद्र ते केंद्र १६ मिलिमीटरच्या आतला ग्रुप बरोब्बर मधोमध बसला तर जवळजवळ सगळे दहा. माझा ठोकताळा असा: पिशवीवरून ग्रुप १० मिलिमीटरच्या आत येत असेल तर पिस्तूल तुमच्यापेक्षा चांगलं आहे, त्याला हात लावू नका. चारही पेलेट वापरून १६ च्या आत येत नसेल तर दोष नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि ग्रिप बदलून नळी सुधारत नाही. मधल्या पट्ट्यात असाल तर पेलेट बदला आणि सराव करा.

*सावधान:* ही चाचणी ज्याचा हात सर्वांत स्थिर त्यानं करावी. मुलानं पिशवीवरूनही ट्रिगर ओढून घेतला तर दोष पिस्तुलाच्या माथी जातो.

३. भाग चार ढिगांत वाटा

दुकानात जाण्याआधी घरी कागद घ्या आणि ज्या-ज्या गोष्टीवर खर्च करायची इच्छा आहे ती या चारपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग, पुढच्या पिस्तुलाबरोबरही चालणारं: पेलेट, शूटिंगचे बूट, चष्म्याची फ्रेम आणि ब्लाइंडर (नेम न धरणारा डोळा झाकायची पट्टी), ट्रिगर तपासायचं ५०० ग्रॅमचं वजन, चांगली कडक पेटी. इथं हात आखडू नका. फक्त हवा भरायचा पंप किंवा अडॅप्टर या ढिगात डोळे मिटून टाकू नका. सिलिंडरचे आटे कंपनीगणिक वेगळे असू शकतात, आधी विचारा.

दुसरा ढीग, झिजणारं: ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), सील, सिलिंडर. हा खर्च टळत नाही, याला सुधारणा म्हणू नका.

तिसरा ढीग, फक्त याच पिस्तुलाला बसणारं: ग्रिप, साइट, ट्रिगरचे भाग. विकताना यांचा एक रुपयाही वेगळा येत नाही. घेणारा म्हणतो, "ग्रिप माझ्या हाताची नाही, उलट मला नवी घ्यावी लागेल, थोडे कमी करा."

चौथा ढीग, नंतर घेताच येत नाही असं: नळी, झटका शोषणारी यंत्रणा, हातापासून नळीची उंची, आणि पेलेट न टाकता ट्रिगरचा सराव करायची सोय. ही शेवटची गोष्ट नवख्याला किरकोळ वाटते. रेंजवरचे सगळे तिला नुसतं 'ड्राय' म्हणतात. घरी भिंतीसमोर उभं राहून रोज ४० ड्राय करणारं मूल आणि फक्त रविवारी रेंजवर येणारं मूल यांच्यात सहा महिन्यांत अंतर दिसतं. पिस्तुलात ती सोय नसेल तर कुठलाही सुटा भाग ती आणून देत नाही.

*तपासा:* तुमच्या यादीतली मोठी रक्कम तिसऱ्या ढिगात आणि तक्रार चौथ्या ढिगातली असेल, तर सुटे भाग घेणं बंद करा आणि थेट सहाव्या टप्प्यावर जा.

४. ग्रिप आधी घरी बसवा

ग्रिप तिसऱ्या ढिगात असली तरी स्कोअरवर सगळ्यात जास्त परिणाम तिचाच. म्हणून नवी घेण्याआधी आहे ती हाताला बसवायची. खर्च दोन-तीनशे रुपये.

*सावधान:* पिस्तुलाच्या कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी नळी रिकामी आहे का बघा, सिलिंडर काढा आणि मग ग्रिप उतरवा. नळीत पेलेट नाही हे "मला आठवतंय" म्हणून चालत नाही, उघडून बघायचं.

लागणारं सामान: दोन भागांची इपॉक्सी पुटी (हार्डवेअरच्या दुकानात एम-सील मागितली की मिळते), लाकडाची कानस, ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, पातळ प्लास्टिकची पिशवी, व्हॅसलीन.

आधी चाचणी. पिस्तूल पकडा, डोळे मिटा, हात उचलून टार्गेटच्या उंचीवर आणा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आहे का? हे दहा वेळा करा आणि लिहा. पुढची साइट वारंवार उजवीकडे दिसत असेल तर पिस्तुलाचं तोंड हातात उजवीकडे वळलंय. बहुतेकदा पंजा ग्रिपवर किंचित फिरवून पकडला की निम्मा दोष जातो. तो गेला नाही तरच कानस.

मग कुठे पोकळी आहे ते शोधा. तळव्याला थोडी पावडर लावा, ग्रिप घट्ट पकडा आणि सोडा. जिथं पावडर उठली नाही तिथं हात टेकत नाही. साधारणपणे ही जागा तळव्याच्या खोलगट भागात आणि मधल्या बोटाखाली निघते. तिथंच पुटी लावायची, सगळीकडे नाही.

पुटीचे दोन भाग सारख्या मापानं मळा, जागेवर लावा, हाताला व्हॅसलीन लावा, वर प्लास्टिकची पिशवी धरा आणि नेहमीच्या उभं राहण्यात पिस्तूल पकडल्यासारखी ग्रिप पकडा. खुर्चीवर बसून पकडली तर मनगटाचा कोन वेगळा येतो आणि सगळं फुकट. मे महिन्यात दुपारी हे करू नका. नागपूरच्या ४४-४५ अंशांत पुटी मळता मळताच ताठ होते. सकाळी सहाला करा. पूर्ण वाळायला रात्र द्या. मग कानशीनं अर्धा-अर्धा मिलिमीटर घासा आणि दर वेळी डोळे मिटायची चाचणी पुन्हा करा.

इथं तीन चुका होतात. एक, पुटी स्क्रूच्या भोकात किंवा ट्रिगरच्या आसपास जाते. दोन, बोट रुतेल इतकी घट्ट ग्रिप केली जाते. पावसाळ्यात हात ओला आणि सुजलेला असतो, डिसेंबरात आखडतो, थोडी सैल असू द्या. तीन, नियम विसरला जातो. पिस्तूल ग्रिपसकट ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, आणि वजन १५०० ग्रॅमच्या वर नको. पुटीनं फुगवलेली ग्रिप या ५० मिलिमीटरमध्ये अडकते. ग्रिपनं मनगटाला कुठूनही आधार देता कामा नये.

*तपासा:* पुठ्ठ्याची याच मापाची पेटी घरी करा. बसलं तर पुढे.

५. साइट आणि ट्रिगर

साइटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढच्या साइटची रुंदी बदलून बघा. बऱ्याच पिस्तुलांबरोबर दोन-तीन रुंदीच्या साइट येतात आणि पेटीतच पडून राहतात. दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक, सारखी फट दिसली पाहिजे. मागची साइट फिरवल्यावर क्लिक जाणवत नसेल आणि दर शॉटला जागा सोडत असेल, तरच ती बदलायची.

ट्रिगरला बाहेरच्या माणसाकडून हात लावून घेऊ नका. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो. नळी उभी धरून ट्रिगरवर वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं जायच्या आत ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. हलकी स्प्रिंग टाकून आनंदात मॅचला गेलेला आणि तपासणीच्या टेबलावर रडकुंडीला आलेला मुलगा मी पाहिलाय. पिस्तुलाच्या पुस्तिकेत जे स्क्रू दिले आहेत तेवढेच फिरवा, प्रत्येक स्क्रू किती आटे फिरवला ते वहीत लिहा. ताकद वाढवणारी स्प्रिंग कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. १० मीटरवर तिचा काडीचा उपयोग नाही आणि २० जूलची मर्यादा ओलांडली तर प्रकरण कायद्यात जातं.

६. वही मांडा

आता हिशेब. सूत्र एकच: गेलेला पैसा म्हणजे किंमत अधिक भाग अधिक सर्व्हिस, वजा विकताना आलेले.

खालचे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्या डीलरकडून आलेले त्या जागी टाका.

पहिला रस्ता. स्वस्त पिस्तूल ३५,०००. ग्रिप १२,०००, साइट ८,०००, ट्रिगरचं काम ९,०००, कुरियर आणि हेलपाटे २,०००. झाले ६६,०००. तीन वर्षांनी विकलं, २०,००० आले. गेले ४६,०००.

दुसरा रस्ता. वापरलेलं पण चांगल्या अवस्थेतलं मॅच पिस्तूल १,१०,०००. मधे एकदा सील बदलून सर्व्हिस ८,०००. तीन वर्षांनी ८५,००० ला गेलं. गेले ३३,०००.

खिशातून एकदम निघणारी रक्कम दुसऱ्या रस्त्यावर मोठी, पण बुडालेली रक्कम लहान. एफडी मोडून किंवा हप्त्यावर घेणार असाल तर व्याज दुसऱ्या बाजूला मिळवा, मग तुलना करा. कधी कधी पारडं फिरतं.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतोय हे ओळखायची माझी रेघ अशी: तिसऱ्या ढिगातला खर्च पिस्तुलाच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला की थांबायचं. त्यापुढचा प्रत्येक रुपया चांगल्या पिस्तुलाच्या डब्यात.

पण उलट बाजूही आहे. मूल बारा वर्षांचं, पहिलंच वर्ष, दहावीला नेमबाजी सुटेल की टिकेल माहीत नाही, अशा घरानं सुरुवातीला दीड-दोन लाखांचं नवं आयात पिस्तूल घेणं मला पटत नाही. ते जड पडतं, ग्रिप वर्षात लहान होते आणि घरात सगळ्यांवर त्या रकमेचं दडपण येतं. तिथं साधं पिस्तूल, चांगले पेलेट, पुटी आणि वही पुरे. तसंच घरात आधीपासून जुनं पण दर्जेदार मॅच पिस्तूल असेल तर त्याला नवी ग्रिप घेणं शहाणपणाचंच. चौथ्या ढिगातलं सगळं तिथं आधीच आहे.

७. वापरलेलं मॅच पिस्तूल घेताना

या क्रमानं बघा.

सिलिंडरवरची तारीख सगळ्यात आधी. मॅचसाठी तो बनल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं चालतो. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून कापून घ्या. "हवा तर भरते की" हे उत्तर चालवून घेऊ नका.

मग गळती. पूर्ण भरून, बहुतेक सिलिंडरना २०० बारपर्यंत, काट्याचा आकडा लिहा आणि २४ तासांनी बघा. दोन्ही वेळा सकाळीच बघा. दुपारच्या उन्हात तापलेल्या खोलीत दाब जास्त दिसतो, पहाटे कमी, आणि नसलेली गळती दिसते किंवा असलेली लपते.

मग कारखान्याचं टेस्ट कार्ड, म्हणजे तिथं मारून बघितलेल्या शॉटचं कार्ड, मागा आणि दुसऱ्या टप्प्यातली पिशवीची चाचणी तिथंच करा. विकणारा कुरकुरला तर सौदा सोडा.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक की यांत्रिक? इलेक्ट्रॉनिक छान लागतो, पण नागपुरात बसून त्याची दुरुस्ती करून घेणं म्हणजे पिस्तूल कुरियरनं पाठवून वाट बघणं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पात्रता फेरी चालू असताना नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तिच्यामागे पूर्ण पथक होतं. पहिलं मॅच पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचं घ्या.

*सावधान:* सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही, तेल-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. सीलला शिलाई मशीनचं तेल लावू नका, पुस्तिकेत सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

८. बदल कधी, आणि जुनं विकताना

मॅचच्या आधीच्या तीन आठवड्यांत पिस्तुलात काहीही बदलायचं नाही, पेलेटचा नवा डबासुद्धा नाही. एका वेळी एकच बदल, त्यानंतर किमान ३०० शॉट, मग पुढचा. दोन बदल एकत्र केले तर फरक कशानं पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मूळ ग्रिप, मूळ स्प्रिंग, पुढच्या साइट, किल्ल्या, पुस्तिका आणि टेस्ट कार्ड पहिल्या दिवशीच एका डब्यात भरून वर चिठ्ठी लावा. विकायच्या वेळी पिस्तूल मूळ अवस्थेत आणा, नळी आतून साफ करा, सिलिंडर रिकामा करा. बिलाच्या प्रतीवर घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि सही घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत आपल्याकडे ठेवा. पिस्तूल पेटीत बंद करून घेणाऱ्याला रेंजवरच द्या, त्याला तिथं पाच शॉट मारून बघता येतात.